झडती

घोटीहून आणली तेव्हा खोक्यात
दोन मुठी भगर सांडावी तशी दिसली,
म्हणून नाव भगर.
दोन महिन्यांत अंगावर एवढे केस आले
की डोळे कुठे आहेत ते चाचपून बघावं लागायचं.

मुलीने कुरिअरने ब्रश पाठवला,
तारेचे दात, पिवळी मूठ,
आणि फोनवर बजावलं, पप्पा, घाई करायची नाही.
घाई मी कशाला करीन?
जेल रोडच्या या दोन खोल्यांत
माझ्याकडे सुटा आहे तो फक्त वेळ.

पहिल्या दिवशी ब्रश नुसता फरशीवर ठेवला.
तिने हुंगला, भुंकली, मागे सरकून बसली.
उकडलेल्या अंड्याचा नखाएवढा तुकडा. झालं.
दुसऱ्या दिवशी ब्रशची पाठ तिच्या पाठीला.
तिसऱ्या दिवशी दात, दोनदाच, केसांच्या कलाने,
आणि ती कंटाळायच्या आधी मी थांबलो.
हे मला कुणी शिकवलं नाही.
म्हणजे शिकवलं, पण कुत्र्यासाठी नाही.

नोटांच्या प्रेसमध्ये तेहतीस वर्षं.
रोज सुटताना गेटवर झडती.
हात वर, डबा उघडा,
खांद्यापासून घोट्यापर्यंत परके तळवे.
पहिला आठवडाभर मी घरी येऊन
रात्री नऊला अंघोळ करायचो.
शैलाने विचारलं नाही,
बंब तेवढा पेटवून ठेवायची.

पुढे सवय होते म्हणतात.
सवय होत नाही. हातांची ओळख होते.
एक होता, नाव नको,
गोणी झटकावी तसा झटकायचा.
आणि एक दोंदे.
थंडीत आधी स्वतःचे तळवे एकमेकांवर घासायचा,
"आता डावा खिसा हं," म्हणायचा,
आणि मग डाव्या खिशाला हात.
तेवढंच.
त्याच्या रांगेत आम्ही दहा मिनिटं जास्त उभे राहायचो.

तर भगर, आता डावा कान हं.
कापूस आहे, कोमट आहे.
आता पंजा. नुसता धरतो, कापत नाही.
नेलकटरचा आवाज आधी माझ्याच नखावर ऐक.
पाळदे वहिनींचा हेअर ड्रायर
चार दिवस आतल्या खोलीत घोंघावला,
पाचव्या दिवशी दारात, अंड्यासकट.

सगळं सरळ चाललं असं नाही.
विहितगावकडे वालदेवीच्या काठाने फिरून आलो,
मांड्यांत कुसळं, पोटाखाली केसांचा गुंता
सुतळीच्या गाठीसारखा घट्ट,
खाली रिक्षा उभी, लग्नाला उशीर,
आणि मी गाठ ओढली.
फार ओरडली नाही.
एक बारीकसा आवाज काढला,
चुकून दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखा.
मग दोन दिवस पलंगाखाली,
माझा हात दिसला की भिंतीला चिकटून.

म्हणजे तो गोणी झटकणारा
माझ्याही अंगात निघाला.
तेहतीस वर्षांच्या झडतीत
कुणाला सापडला नव्हता.

पुन्हा पहिल्यापासून.
फरशीवर ब्रश. अंड्याचा तुकडा.
पलंगाखालून काही हालचाल नाही.
शेवटी शैलाच खाली येऊन बसली,
माझ्याकडे पाठ करून, अंबाडा सोडून.
"माझे विंचरा. तिला बघू दे."
मी ब्रश उचलला.
"अहो, कुत्र्याचा नको, माझी फणी घ्या."

मला वेणीतलं काही कळत नाही.
खालून सुरुवात केली, टोकांकडून,
गुंता लागला की थांबायचं, बोटांनी सोडवायचा.
आता मागची बट हं, म्हणालो.
शैला हसली, पण मान हलू दिली नाही.
तिच्या केसांत एवढं पांढरं आहे
हे मला पलंगाखालच्या साक्षीदारासमोर कळलं.
अर्ध्या तासाने काळं नाक बाहेर आलं.

परवा खिडकीच्या जाळीवरचा केसांचा पुंजका
बुलबुल घेऊन गेला.
आज पारा उतरलाय,
द्राक्षवाले बागेत शेकोट्या पेटवत असतील.
मी तळवे एकमेकांवर घासले.
त्या आवाजाने भगर उठली, आळस दिला,
येऊन उजवा कान पुढे केला.
आज पाळी डाव्याची होती.
असू दे.