मगर

नदी आमच्या पुढच्या खोलीत होती,
तांबड्या कोब्याची.
खरी विश्वामित्री काळ्या घोड्याच्या पुलाखाली,
तिच्या काठावर जायची मनाई,
म्हणून ही.

पलंग म्हणजे सयाजीगंज.
शिलाईच्या मशीनखाली दांडिया बाजार,
तिथं हेतलचं दुकान.
मध्ये दोन पाट, बुडू नये म्हणून.
चिंचोके घेऊन साखर आणायला निघायचं
तर पाण्यातूनच,
आणि पाण्यात मगर.

दुकानात गुजराती बोलायचं, असा नियम.
डॉक्टर इंग्रजीत, म्हणजे नुसतं ‘ओके, ओके’.
राजा हिंदीत, रविवारच्या टीव्हीमुळे.
रडारड मराठीत. ती न ठरवताच.

‘मगर आली!’ मी ओरडले.
‘आवी नहीं, आव्यो!’ दुकानातून हेतल.
तिच्याकडे मगर तो असतो.
आली की आव्यो, आली की आव्यो,
वेण्या ओढून झाल्या,
चिंचोके नदीभर.

मगर होता श्रीकर, माझा धाकटा.
पहिल्या अक्षरावरच अडायचा,
जिन्यात अडकलेल्या कपाटासारखा;
वरून सगळे सूचना देणार,
हळू बोल, श्वास घे, बोल की लवकर.
म्हणून त्याला मगर केलेलं.
मगरीला बोलावं लागत नाही.

तो पोटावर पडून ऐकत होता.
मग मान उचलून म्हणाला,
सलग, एकदाही न अडता,
‘घुर्दळ खामट. झिबू झिबू नांतू.’

‘म्हणजे काय रे?’

‘घुर्दळ!’ तो म्हणाला,
एवढंही कळत नाही का, अशा तोंडानं.

दुसऱ्या दिवसापासून दुकान त्याच भाषेत.
हेतलनं हिशेबाच्या वहीमागे शब्द उतरवले:
नांतू म्हणजे पाणी. किंवा उद्या.
किंवा सुट्टे नाहीत.
तो आणि ती नव्हतंच त्यात.
उधारी मात्र होती.

वही कुठं गेली माहीत नाही.
हेतल सुरतला असते म्हणे.
श्रीकर मकरपुऱ्यात, कारखान्यात सुपरवायझर,
मोठ्या साहेबांपुढे अजून अडतो.

यंदा पूर आला तेव्हा रात्री त्याचा फोन:
‘ता-ताई, पा-पार्किंगमध्ये म... म...’
पुढं नुसता श्वास.
चौथ्या मजल्यावरच्या माझ्या घरात
मी पाय पलंगावर घेतले.

‘घुर्दळ?’ मी विचारलं.

‘खामट,’ तो म्हणाला.
‘चांगली आठ फुटी आहे. शर्मांच्या स्कूटरखाली.’