इतर असल्यास लिहा

कोयाइकेत जून म्हणजे भर हिवाळा.
पाच वाजले की अंधार,
दरीत लाकडाचा धूर उतरतो आणि तिथंच मुक्काम ठोकतो.
आरोग्य केंद्राच्या मागच्या खोलीत
मी उत्तरं साफ करते.
वर्षातून दोनदा लोकांच्या फोनवर लिंक जाते,
चहा उकळेपर्यंत लोक अंगठ्यानं आयुष्य सांगून टाकतात.
तीन हजार एकशे बारा माणसं,
प्रत्येकाची एक आडवी ओळ,
नावं वेचून काढलेली, मासळीतले काटे काढावेत तशी.

वय. वजन. कमरेचा घेर.
आठवड्यात किती दिवस भाजी.
ताटात वरून मीठ घेता का: कधीच नाही, क्वचित, नेहमी.
सगळे क्वचित घेतात.
मग या गावातलं मीठ कोण संपवतं देव जाणे.
दारूचंही तेच. दोन पेले, दोन पेले, दोन पेले,
शनिवार कुणी धरलेलाच नाही.
मी हसत नाही.
मीही काट्यावरून उतरताना
स्वेटरचा म्हणून एक किलो वजा करते.

पण तळाशी आम्ही एक रिकामा चौकोन ठेवलाय,
इतर असल्यास लिहा,
आणि लोक दाराशी बूट काढून
तिथं येऊन बसतात.

तुम्ही ओढता का?
"मी नाही. घरातली शेगडी ओढते,
आम्ही पाच जण तिच्याभोवती बसतो."
याला संकेतांक नाही. होय धरू की नाही?
सांतियागोहून डॉक्टर एलगुएता कळवतात: नाही.

रात्री मध्येच उठावं लागतं का?
"कुणाच्या बाळासाठी, माझ्या की माझ्या मुलीच्या?"

दिवसाला किती तास बसून असता?
"नऊ. पण घोड्यावर.
घोडा चालतो, मी बसतो. यातलं काय धरायचं?"

ओळ दोन हजार त्र्याण्णव.
घोड्याच्या स्पेलिंगमध्ये ब च्या जागी व.
ही चूक मला पाठ आहे,
लहानपणी स्वयंपाकघराच्या दारावर टोचलेली असायची:
पीठ, येर्बा, मेणबत्त्या, घोड्याला नाल.

पुरुष, एकाहत्तर, एकटा राहतो.
इथं थांबायला हवं होतं.
मी उजवीकडे सरकत गेले.
चढावर छातीत दुखतं का? कधी कधी.
डॉक्टरांना सांगितलं? नाही.
घरी कुणाला? नाही.

कराराच्या चौथ्या पानावर माझी सही आहे:
उत्तर देणाऱ्याला शोधायचं नाही,
ओळखलं तर ओळख द्यायची नाही.
आणि मीच त्याच्या मागं लागले होते,
भर की बाबा, खरं खरं लिही,
कुणाला कळत नाही.

ते नऊ तास मी 'बसून'च्या रकान्यात टाकले.
काढले.
परत टाकले.

रविवारी फोन केला.
बर्फ किती पडला, लाकडाचा भाव,
शेजारच्या ओयार्सुन बाईंचा गुडघा.
तब्येत? ठणठणीत.
मग मी विचारलं, घोडा कसा आहे?

तिकडे शेगडीचं झाकण वाजलं.
एक ओंडका आत गेला असावा.
"म्हातारा झालाय," तो म्हणाला.
"चढ आला की थांबतो हल्ली.
मग मीही उतरतो,
दोघं उभे राहतो जरा वेळ, खाली नदी दिसते."

आठवड्यातून साधारण किती वेळा, मी विचारलं,
आणि लगेच जीभ चावली.

बराच वेळ नुसतं झाकण तापल्याचा आवाज येत राहिला.
मग तो म्हणाला,
क्वचित.