पाण्याचं वजन

शनिवारी सकाळी आठला काटा.
आज बुधवार, आणि मी एकसष्ट किलो तीनशे ग्रॅम,
उपाशीपोटी, केस कोरडे, कानातले काढून.

एकोणसाठ हवेत, असं पाष्टे सर म्हणतात.
म्हणतात म्हणजे,
वहीत माझ्या नावापुढे पेन्सिलीनं ५९ लिहितात
आणि खोडरबर खिशात टाकतात.

बासष्टात लोपीस आहे, वसईची एल्विना.
गेल्या वर्षी तिनं मला उचललं तेव्हा
माझी टाच हॉलच्या घड्याळाला लागली म्हणे,
तेव्हापासून ते सात मिनिटं मागे आहे.
खोटं आहे. पण नव्या मुलींना हेच सांगतात.

दोन किलो तीनशे.
मला वजन कळतं, सर.
पहाटे चारपासून आईसोबत मासळी तोलते मी.
दोन किलो तीनशे म्हणजे एक सुरमई, डोक्यासकट.
ती माझ्या आत नेमकी कुठे आहे तेवढं दाखवा,
मीच काढून देते, खवलं न सांडता.

सर म्हणतात, मांस नाही गं, पाणी काढायचंय फक्त.

पाण्याचंही कळतं.
कोलंबी रात्रभर पाण्यात ठेवून
सकाळी फुगवून विकणारा एक आहे आमच्या बाजारात,
नाव सांगत नाही, नात्यातला आहे.
त्याचा काटा खरा असतो.
कोलंबी खोटी असते.
शनिवारी माझाही काटा अगदी खरा असेल.

मार्चमध्ये सुकले होते अशीच.
रेक्झिनचा सूट, वर स्वेटर, वर भावाचा रेनकोट,
भर उन्हात सात बंगल्याच्या रस्त्यावर धावत होते.
एक रिक्षावाला मान बाहेर काढून म्हणाला,
ताई, पाऊस कुठंय?
रात्रभर बाटलीत थुंकले. एकशेचाळीस ग्रॅम.
शेवटचे साठ वेणीतून कापले.

मग केळी, मीठ घातलेला भात, संत्र्याच्या चवीचं इलेक्ट्रॉल.
पहिली कुस्ती मारली. दुसरीही.
तिसरीत समोरचीचा घोटा माझ्या दोन्ही हातांत होता
आणि हातांनी मला विचारलं, कुणाचा?
तेवढ्यात ती माझ्या पाठीवर.

ब्राँझ मिळालं, नाही म्हणत नाही.
सर त्याचंच नाव घेतात.
मला आठवते टाळूला चिकटलेली जीभ,
ती सोडवायला बोट घालावं लागलं होतं.

अंगणात आई वलांडीवर बोंबील घालतेय,
जबड्यात जबडा अडकवून, दोन-दोन.
ओला असतो तेव्हा हातात ठरत नाही,
सुकला की काडीसारखा मोडतो.
एकच मासा, दोन वजनगट.

तुला काय वाटतं, मी विचारते.
ती माझा दंड धरते,
गिऱ्हाइकापुढे हलवा उचलून धरते तसा, क्षणभर.
"खपला नाय का सुकवतान," म्हणते.
पण आई, सुक्याला भाव जास्त.
"किलोला. पन किलोत किती लागतान ते बग."
आणि पुढच्या टोपलीकडे वळते.

रात्री सरांना मेसेज लिहिला: बासष्ट.
पुसला.
एल्विनाचा फोटो उघडला, तिची मान मोठी करून पाहिली.
पुन्हा लिहिला, पुन्हा पुसला.
साडेबाराला उठून माठातलं पाणी प्यायले,
दोन तांबे, उभ्यानं, गटागटा,
पोटात खळखळलं तेव्हा कळलं
की मेसेज गेला.

गुरुवारी हॉलवर सरांपुढे हात पसरला:
खोडरबर द्या.
सर बराच वेळ घड्याळाकडे बघत राहिले.
मग म्हणाले,
लोपीसला वरून नाही धरायचं. खालून. गुडघ्यापाशी.
बूट घाल.