भारतात कुठेही नाही

शिवाजीनगर कोर्टाच्या भिंतीला लागून माझं टेबल.
एक पाय विटेवर.
दिवसातून वीसदा मी एकच वाक्य टाईप करतो:
माझ्या अथवा माझ्या कुटुंबातील कोणाच्याही नावे
भारतात कुठेही पक्के घर नाही.
आता बोटंच टाईप करतात. मी चहा पितो.

नाही म्हणायलाही साठ रुपये पडतात.
नोटरीचे वेगळे.

रियाज बागवान म्हणाला, भारत कशाला लिहिता,
मी तर दौंडच्या पुढे गेलो नाही.
यल्लाप्पा मुद्देला वाचून दाखवलं
तर तो मान हलवत राहिला,
जणू गावाकडची कुणाची तरी बातमी ऐकतोय.

शेवंता लोणके आली ती भर दुपारी,
फरशीवाल्याच्या हाताखाली बिगारी काम,
नखांत पांढरं सिमेंट.
वाक्य ऐकलं आणि म्हणाली,
"घर नाही असं कसं? घर हाय की."
मी म्हटलं, पक्कं नाही ना?
"फरशी पक्की हाय," ती म्हणाली.
कोथरूड, बाणेर, खराडी,
जिथं जिथं काम केलं तिथला एकेक उरलेला तुकडा.
एक हिरवा, एक संगमरवरासारखा,
एकावर अर्धंच फूल.
पर्वतीच्या पायथ्याला दहा बाय बाराची खोली,
पत्रा वर, आणि खाली सगळं पुणे.

अर्जात त्याला रकाना नव्हता.
मी "कच्चे" वर खूण केली.

अडीच लाख सरकारचे, समजावलं तिला,
केंद्राचे दीड, राज्याचा एक.
पण ते तुमच्या हातात येत नाहीत.
बांधकाम चढेल तसे हप्ते सुटतात.
बाकीचा तुमचा स्वहिस्सा.
"म्हणजे पैसा इमारतीला, आणि कर्ज मला," ती म्हणाली.
मला खोडता येईना.
"आणि नाव?"
बाईचं नाव लागतंच, मी म्हटलं, नियमच आहे.
तेव्हा ती पहिल्यांदा स्टुलावर नीट टेकून बसली.

त्याच आठवड्यात मी माझाही अर्ज काढला होता.
वीस वर्षं धायरीत भाड्यानं,
दर अकरा महिन्यांनी माझाच करार मीच टाईप करतो.
तहसीलच्या खिडकीतून दाखला आला:
वार्षिक उत्पन्न तीन लाख सहा हजार.
मर्यादा तीन.
बायको साड्यांना फॉल-बिडिंग करते, ते धरलं होतं.
सहा हजारांनी श्रीमंत निघालो मी.
ती त्या रात्री म्हणाली, मशीन विकू का?
आणि मग आम्ही दोघंही हसलो, जरा जास्तच वेळ.

सोडतीत लोणकेबाईंचं नाव
प्रतीक्षा यादीत, दोनशे बारावं.
नंतर पावणेदोन वर्षं काही नाही.
एकदा सांगून गेली, वडगावला इमारत बघून आले,
आठव्या मजल्यापर्यंत आलीय, खिडक्यांना अजून भोकंच.
वॉचमननं आत सोडलं नाही.
"कामाला आले म्हणाले असते तर सोडलं असतं."

परवा ती पुन्हा आली.
वरच्या दीडशेजणांना बँकेनं कर्ज नाकारलं,
यादी सरकत सरकत खाली आली होती.
ताब्याआधी आणखी एक प्रतिज्ञापत्र हवं:
सदर झोपडी मी स्वखुशीने रिकामी करीत आहे.
"स्वखुशीने" वर तिनं बोट ठेवलं.
काढता येईल का, विचारलं नाही तिनं.
बोट मात्र उचललं नाही.
मी म्हटलं, नमुना आहे बाई.
मागं रांगेत कुणीतरी खाकरलं.

"राहू द्या," शेवटी ती म्हणाली.
"पण खाली लिहा, फरशी मी उपसून नेणार हाय.
नव्या घरात त्यांची फरशी बसलेली असंल तर
माझी गॅलरीत बसवीन."

सतरा वर्षांत नमुन्यात
माझ्या मनाचा एक शब्द घातला नव्हता मी.
तिचं वाक्य टाईप केलं. दोन ओळींचं अंतर सोडून.
नोटरीनं न वाचताच
लाल शिक्का मारला.