हातचा

प्रिंटर तानेलने आणला. एकोणसाठ युरो.
"आजी, आता दुकानात जायला नको."
नातवाचं मन मोडवेना, म्हणून मी वही काढली.

दूध संघाच्या हिशेबखात्यात एकतीस वर्षं काढलेली बाई मी.
विल्यांदीच्या गाईंनी दिलं किती
आणि वाटेत सांडलं किती,
दोन्ही आकडे जुळल्याशिवाय घरी न जाणारी.
शाईच्या खोक्यावर छापलंय : दोनशे फोटो.
मी मोजले. एकाहत्तर.
बाकीची शाई यंत्र स्वतःच पितं,
दर सोमवारी तोंड धुतं, म्हणून.
शेहेचाळीस भागिले एकाहत्तर : पासष्ट सेंट.
कागद पंचवीस.
नव्वदला पडला एक फोटो, अजून यंत्राची किंमत धरलेली नाही,
आणि कोपऱ्यावरचं दुकान तोच एकोणतीसला देतं,
कोरडा, पाकिटात घालून.

"मग फिल्मचं काढ," तानेल म्हणाला, जरा चिडूनच.
रोल चौदा, धुलाई नऊ, टालिनपर्यंत टपाल चार,
छत्तीस छोटे कागद चाळीस सेंटनं.
एक्केचाळीस चाळीस. भागिले छत्तीस.
एक पंधरा. निःशेष.
असा भाग गेला की मला अजून बरं वाटतं,
जाताना कुणी दार नीट लावून गेल्यासारखं.

वहीच्या मागच्या पानांवर कोपेक आहेत.
पस्तीस कोपेकची फिल्म, पुड्यांतली रसायनं,
न्हाणीघरात लाल दिवा,
टबावर फळी टाकून बसलेला काल्यु.
रात्री अकरापर्यंत मला अंघोळ नाही,
हे कुठल्या खात्यात लिहायचं ते कधी कळलं नाही.
मग क्रोन आले, मग युरो.
चलन दोनदा बदललं, वही तीच,
फक्त बेरीज पुढच्या पानावर नेता येईना.

फेब्रुवारीत कपाट आवरताना त्याचा कॅमेरा निघाला.
खिडकीत आकडा : तेवीस.
त्याला जाऊन नऊ वर्षं झाली.

टालिनच्या मुलीचा फोन आला.
"अठरा नुसतं धुकं आहे, बाई. पाच छापण्यासारखे. छापू?"
छापा.
तेरा आणि दोन, पंधरा युरो. भागिले—
इथं पेन्सिल थांबली.
पाचाने भागलं तर तीन युरोला एक.
तेविसाने भागलं तर पुन्हा तेच पासष्ट सेंट.

एक तळं, तिरकं, बर्फ फुटतानाचं.
एक त्याचा अंगठा.
तीन मी.
पाठमोरी, स्वयंपाकघराच्या टेबलाशी, वहीवर वाकलेली,
अंबाड्यात दुसरी पेन्सिल.
तिन्हींत स्वेटर वेगळा.
म्हणजे तीन वेगळ्या रात्री तो दारात येऊन उभा राहिला
आणि तीनदा शटर वाजलं असणार.
तो कॅमेरा काही हळू वाजणारा नव्हता.

तानेलने त्यातला एक स्कॅन करून घरीच छापला.
लाल शाई तुंबलेली, मी आले शेवाळासारखी हिरवी.
"हिरवी आजी!" तो हसला.
"नव्वद सेंट," मी म्हटलं आणि लिहून टाकलं.

राहता राहिले तेरा.
छत्तिसातले, न काढलेले.
धुलाई रोलची घेतात, फोटोंची नाही,
तेव्हा त्यांचेही पैसे मी भरलेत.
पहिलीत बाईंनी शिकवलं होतं :
हातचा उत्तरात लिहायचा नसतो,
वर बारीक मांडून ठेवायचा
आणि पुढच्या रकान्यात मिळवायचा.

मांडून ठेवलाय.
पेन्सिलीने, अगदी बारीक.
शेजारचा रकाना आखलेला आहे.