हिरव्या शाईतली शिफारस

पारितोषिकं जाहीर झाली की दुसऱ्या दिवशी
एव्हर्टन ग्रीनिज शटर अर्धंच उचलतो,
गुडघा धरून आत शिरतो,
आणि बुटांच्या खोक्याचे पुठ्ठे कापत बसतो.
एकेका अल्बमला एकेक पुठ्ठा,
हिरवी शाई, अक्षर किरटं.
बाहेर केप ब्रेटनचा फेब्रुवारी.
पोलादाचा कारखाना होता तिथं आता मैदान आहे
आणि वारा,
ज्याला अजून कुणी नामांकनसुद्धा दिलेलं नाही.

मी शनिवारी दारातला बर्फ उपसतो.
मजुरी म्हणून पुठ्ठे आधी वाचायला मिळतात.

जाझ, प्रथम:
'पियानोवाली दमलेली आहे, म्हणूनच ऐका.
चौथ्या तुकड्यात ती जिना चढते
आणि ड्रमवाला तिच्या पिशव्या धरतो.'

इलेक्ट्रॉनिक, माँट्रियलची दोन पोरं:
'अख्खा अल्बम फ्रिजच्या घरघरीवर रचलाय.
वाटलं, माझी थट्टा चाललीय.
घरी गेलो, तर आमचा फ्रिज बेसूर.'

मेटल:
'शेजाऱ्यांशी भांडण असेल तर घ्या.
नसेल तरी घ्या. होईल.'

रॅप, हॅलिफॅक्सची पोरगी, वय बावीस:
'हिच्या आजोबांबरोबर मी भट्टीवर होतो.
फार तोतरे होते.
त्यांचे राहिलेले शब्दही हिनं बोलून टाकलेत.'

लोकसंगीताचा पुठ्ठा मात्र कोरा.
माबूच्या कुणा पोराची फिडल,
स्वयंपाकघरात बसून केलेलं रेकॉर्डिंग.
एव्हर्टननं चारदा ऐकलं, चारदा टोपण लावलं.
'चांगलं आहे,' म्हणाला, 'पण चांगलं तर काय, सगळंच असतं.'

तेवढ्यात मर्डीना मॅकइशर्न आली.
डोळे तपासून आलेली, बाहुल्या मोठ्या झालेल्या,
काउंटर चाचपत म्हणाली, काय लिहिलंय ते वाचून दाखव.
त्यानं वाचलं. मेटलपाशी ती हसली.
मग म्हणाली, आणि आमच्या स्वयंपाकघरातला?

भाच्याचा अल्बम.
तिच्याकडे वाजवायचं यंत्र नाही.
त्यानं तबकडी लावली, सुई टेकवली.

पहिला तुकडा तिनं कोटाची बटणं काढण्यात घालवला.
दुसरा, घालण्यात.
तिसऱ्यात फिडल अशी काही उसळली
की मी फावडं खाली ठेवलं,
आणि तिनं बोट वर केलं. थांबा.
कर्र.
बरोब्बर समेवर.
'हा हेक्टर,' ती म्हणाली.

सप्टेंबरात रेकॉर्डिंग. नोव्हेंबरात हेक्टर गेला.
स्टुडिओवाले म्हणाले होते, हा आवाज पुसून टाकतो.
पुसायला गेले तर तालच सुटून यायला लागला,
स्वेटरचा एक धागा ओढावा तसा.
राहू दिला.
परीक्षकांनी मानपत्रात लिहिलंय, 'घरगुती ऊब.'

'ऊब कसली,' मर्डीना म्हणाली, 'खुर्ची आहे ती.
दोनदा सांगितलं होतं त्याला, खिळा मार म्हणून.'

एव्हर्टननं अल्बम कागदात गुंडाळायला घेतला.
तिनं हात धरला. इथंच असू दे.
पुढच्या तपासणीला येईन तेव्हा लाव.
'आणि ती खुर्ची?' मी विचारलं. विचारायला नको होतं.
'आहे की. बसून बघितलं मी.
मी हलकी आहे. वाजत नाही.'

तिनं डोळे पुसले, दवाखान्यातले थेंब म्हणाली,
आणि तीनची बस गाठायला निघाली.
मी पुढे पळत जाऊन पायरीवर मीठ टाकलं.

परत आलो तर पुठ्ठा भरलेला:
'तिसरा तुकडा. दोन मिनिटं एकेचाळीस सेकंद.
फिडलकडे लक्ष देऊ नका.'

किंमत लिहायची तो विसरला होता.
मी आठवण केली नाही.