साडेअकरा इंच

कोपराच्या खळगीपासून तर्जनीच्या पहिल्या पेरापर्यंत.
हात काटकोनात. असा. हलू नकोस.
साडेअकरा इंच.
माप मी फळीवरच लिहिलं,
कागदावरचं हरवतं.

समिधा माझ्या बहिणीची. बारावं लागलंय.
शाळेमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जाते,
तिथं दहा मीटरवर एक कागद टांगतात
आणि पोरं त्याच्याकडे श्वास धरून बघत राहतात.
रायफल जुनी, वाशीच्या कुठल्याशा डॉक्टरच्या मुलाची.
तो इंजिनियरिंगला गेला,
दस्ता मात्र त्याच्याच मापाचा राहिला.
ही धरते तेव्हा खांदा मागे, मान पुढे,
मासा दिसलेल्या बगळ्यासारखी.

मामा, मॅडम म्हणतात रायफल आपल्याकडे यायला हवी,
आपण तिच्याकडे जायचं नाही.

बरोबर आहे मॅडमचं.
मी घणसोलीत चाळीस वर्षं दारं बसवतोय.
चौकट वाकडी निघाली तर आपण दार रंधतो,
चौकटीला रंधा लावत नाही.

माझ्या बाबांची ठासणीची होती.
खाडी ओसरली की गुडघाभर चिखलात उभे राहायचे
बदकांसाठी, तोंडातली विडी विझवून.
आता तिथं सेक्टर आहे, नंबर सांगत नाही,
माझेच दोन दरवाजे आहेत त्यात.

मी दहाचा असताना त्यांनी माझ्यासाठी दस्ता कापला.
अंगणात, करवतीनं, एका दमात. चार बोटं.
तुकडा आईनं चुलीत घातला.
सागाचा होता. छान जळला.
दोन पावसाळ्यांत माझे हात लांब झाले
आणि बंदूक होती तेवढीच.
प्रत्येक बाराला अंगठा नाकावर.
बाबा म्हणायचे, मान मांगं घे रं.
घेतली.
अजून घेतो. फोटो काढताना,
कुणी जवळ येऊन बोललं तर.

पुढे एका निवडणुकीला बंदूक चौकीत जमा केली.
पावती ट्रंकेत ठेवली, आणायला कुणी गेलं नाही.
आणून मारायचं काय, भराव पडला होता.

तर समिधाचा दस्ता मीही कापला.
पण अर्ध्या अर्ध्या इंचाच्या चकत्या,
प्रत्येकीला दोन आरपार भोकं, पाठीवर आकडा,
एक ते सहा.
करवत प्रत्येक कापाला लाकूड खाते,
ते काही परत येत नाही,
तेवढ्या जागी स्लिपरचं रबर घातलं.
चकत्या बिस्किटाच्या डब्यात.
डबा देव्हाऱ्याखाली, बायको हात लावत नाही.

मग गालफळी.
डोळे मीट. गाल ठेव. आता उघड.
काय दिसतं?
तुझ्या दुकानातला अर्धा पंखा.
एका प्लायवाल्याचं कार्ड दुमडून खाली सरकवलं.
आता?
आता गोल दिसतो. अख्खा.
ती बराच वेळ तशीच राहिली,
मीही काही ठोकलं नाही.

दिवाळीला येते, मे महिन्यात येते.
आल्या आल्या हात वाकवून उभी, चहाच्या आधी.
एक चकती गेली. दुसरी.
मधे एकदा सहा महिन्यांत एकही नाही,
रडवेली झाली. म्हटलं,
लाकूडसुद्धा सगळे दिवस फुगत नाही.
त्या दिवाळीला दोन लागल्या.

परवा डबा उघडला तर सहा नंबर एकटा,
तळाशी साखरेचे कण.
बसवायला घेतला, स्क्रू आखूड.

वेलजीभाईच्या दुकानात गेलो.
पावणेचार इंची? एवढं जाड दार कुणाचं?
नुसता हसलो.
त्यानं खोकी धुंडाळली, चष्मा पुसला.
चार इंचीच आहे. पाव इंच कापून घे.

दे, म्हटलं.
कापायची मला घाई नाही.